गांडूळ आणि शेतातली माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पुढचे प्रश्न शेतात, गच्चीवरच्या बागेत किंवा पावसाळ्यात न्हाणीघराच्या जाळीपाशी पडतात, आणि त्यांची उत्तरं सहसा गांडूळखत विकणाऱ्याकडूनच मिळतात. त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला आहे: खताच्या बेडमधलं गांडूळ आणि शेतातलं गांडूळ एकच. खालचे बरेच प्रश्न फिरून तिथेच येतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

गांडूळ हा किडा आहे का? पोटातल्या जंतांशी त्याचं काही नातं आहे का?

दोन्ही नाही. किड्याला सहा पाय आणि कठीण कवच असतं. गांडूळ हा वलयांचा बनलेला प्राणी आहे आणि त्याची जवळची नातेवाईक म्हणजे जळू. पोटातले जंत वेगळ्याच संघातले. गांडूळ माणसाच्या अंगात शिरत नाही, चावत नाही, त्याला दातही नसतात. मुलांनी हातात घेतलं तर हात ओले असू द्या आणि नंतर साबणाने धुवायला सांगा, तेही हाताला लागलेल्या मातीसाठी.

त्याला डोळे, कान, फुप्फुसं काहीच नाही. मग ते जगतं कसं?

त्वचेच्या जोरावर. हवेतला प्राणवायू त्वचेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथून रक्तात जातो. त्याच्या रक्तातही हिमोग्लोबिन असतं, पण आपल्यासारखं पेशींमध्ये नाही, थेट रक्तद्रवात विरघळलेलं. त्वचा कोरडी पडली की श्वास थांबतो, म्हणून गांडुळाचं सगळं आयुष्य ओलाव्याच्या मागे जातं.

डोळे नसले तरी प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्वचेत असतात, पुढच्या टोकाला जास्त. लाल प्रकाश त्यांना फारसा जाणवत नाही. रात्री गांडुळं बघायची असतील तर बॅटरीला लाल जिलेटिन लावा, नाहीतर ती झटकन आत जातात. ऐकण्याचं म्हणाल, तर चार्ल्स डार्विनने हे घरीच तपासलं होतं. शिट्टी, बासून, पियानो, कशालाच गांडुळांनी दाद दिली नाही. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवला, तेव्हा ती लगेच बिळात शिरली. हवेतला आवाज त्यांना कळत नाही, जमिनीतून आलेली थरथर मात्र लगेच कळते.

सगळी गांडुळं सारखीच ना?

नाही, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे. जगात गांडुळांच्या 5000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात 400 हून अधिक. सह्याद्रीतल्या कित्येक जाती दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. राहण्याच्या आणि खाण्याच्या पद्धतीवरून त्यांचे ढोबळ तीन गट करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बूशे यांनी 1970 च्या दशकात मांडलेली ही विभागणी आजही वापरात आहे.

पहिला गट पालापाचोळ्यात, शेणाच्या ढिगात, कुजणाऱ्या खोडाखाली राहणारा. ही गांडुळं बहुधा लालसर किंवा तपकिरी, चपळ आणि पटापट वाढणारी असतात. माती ती जवळजवळ खातच नाहीत. त्यांचं अन्न म्हणजे कुजणारा पाला आणि त्यावरचे सूक्ष्मजीव. खतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतून आलेलं युड्रिलस युजेनी आणि आपल्याकडचं पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही सगळी याच गटातली.

दुसरा गट जमिनीच्या वरच्या थरात आडवीतिडवी बिळं करत फिरतो आणि माती खातो. ही फिकट, करडी, मंद असतात आणि वर क्वचितच दिसतात. उष्ण प्रदेशातली यातली काही गांडुळं दिवसाला स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट माती गिळतात, कारण मातीतला सेंद्रिय भाग अगदी थोडा असतो. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ट्रेवर उघडलेलं फेरेटिमा (आता त्याचं नाव मेटाफायर पॉस्थुमा) याच गटातलं.

तिसरा गट खोल, उभी बिळं करतो. रात्री वर येऊन पाला ओढून आत नेतो आणि विष्ठा वर आणून टाकतो. भारतभर शेतांमध्ये आढळणारं लॅम्पिटो मॉरिटी पाला आणि माती दोन्ही खातं, म्हणून त्याला बरेच अभ्यासक या गटात धरतात.

म्हणजे तीन घरं, तीन कामं. एका गटाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा ठेवली की पैसे आणि गांडुळं दोन्ही जातात.

गांडूळ माती खातं म्हणजे नेमकं काय करतं?

तोंडातून गेलेली माती आणि पाला आधी पेषणीत जातो. तिथे मातीतल्याच खड्यांच्या मदतीने तो दळला जातो. पुढे लांबलचक आतड्यात आतल्या बाजूने एक घडी असते. तिच्यामुळे अन्न शोषून घेणारा पृष्ठभाग वाढतो. याच आतड्यात ओलावा आणि चिकट स्राव मिळाल्यावर मातीत निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात आणि गांडुळाला न पचणारा भाग फोडू लागतात. गांडूळ हे काम एकट्याने करत नाही.

बाहेर पडते ती विष्ठा: बारीक गोळ्यांची किंवा वळ्यांची. तिच्यात पिकाला लगेच घेता येईल असं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त असतं. वाळल्यावर हे कण पाण्यात सहज विरघळत नाहीत, त्यामुळे जमिनीचा पोत रवाळ होतो. बिळांच्या भिंतींना स्रावाचा लेप असतो. मुळं बऱ्याचदा याच वाटांनी खाली उतरतात, कारण रस्ता मोकळा आणि भिंत पौष्टिक. पाऊसही याच वाटांनी आत जातो. कोरडवाहू शेतात एका जोरदार सरीचं पाणी वाहून गेलं की आत मुरलं, यावर पुढचे आठ दिवस ठरतात, त्यामुळे खताइतकंच बिळाचं मोल मी मानतो.

डार्विनने या विषयावरचा पहिला निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेत 1837 मध्ये वाचला आणि पुस्तक लिहिलं 1881 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दरवर्षी एकरी 10 टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशोब होता. कुरणावर पसरलेले चुन्याचे आणि कोळशाचे थर वर्षानुवर्षं हळूहळू खाली कसे जातात, हे खड्डे खणून मोजून त्याने हा हिशोब तपासला.

याने पीक खरोखर किती वाढतं?

2014 मध्ये अनेक देशांतले प्रयोग एकत्र तपासून एक आढावा निघाला. गांडुळं असलेल्या जमिनीत उत्पादन सरासरी 25 टक्के जास्त आढळलं. मात्र त्याच आढाव्यातला पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. हा फायदा मुख्यतः पिकाच्या अवशेषांतलं आणि सेंद्रिय पदार्थातलं नत्र मोकळं झाल्यामुळे होता. जिथे जमिनीत अवशेष परत टाकले जात होते तिथे तो जास्त, आणि जिथे नत्रखत भरपूर दिलं होतं तिथे जवळपास नाहीसा. अवशेष जाळून टाकले तर गांडुळाकडे मोकळं करायला काहीच उरत नाही.

2023 मधल्या आणखी एका अंदाजानुसार जगातल्या धान्य उत्पादनाचा सुमारे 6.5 टक्के आणि कडधान्यांचा 2.3 टक्के वाटा गांडुळांच्या कामाचा आहे. डाळींचा आकडा कमी असण्याचं कारण वरच्याच उत्तरात आहे: डाळवर्गीय पिकं स्वतःचं नत्र स्वतः मिळवतात.

मधोमध तोडलं तर दोन गांडुळं होतात का?

होत नाहीत. डोक्याकडचा भाग पुरेसा मोठा राहिला तर काही जाती शेपूट पुन्हा वाढवतात. मागचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटससारख्या मोजक्या जातींची भाग पुन्हा वाढवण्याची क्षमता असामान्य आहे, पण तिच्यावरून सगळ्यांचा नियम ठरत नाही. रोटाव्हेटरखाली सापडलेलं गांडूळ वाढत नाही, संपतं.

नर कोणता, मादी कोणती?

प्रत्येक गांडूळ दोन्ही असतं. तरी बहुतेक जातींना जोडीदार लागतोच. दोघं अंगाला अंग लावून शुक्राणूंची देवाणघेवाण करतात आणि ते साठवून ठेवतात. अंगावर जो जाडसर, फिकट पट्टा दिसतो तो गांडूळ वयात आल्याची खूण. हा पट्टा एक चिकट वळं तयार करतो. गांडूळ मागे सरकत त्या वळ्यातून बाहेर पडतं, वाटेत अंडी आणि साठवलेले शुक्राणू त्यात पडतात, आणि दोन्ही टोकं बंद होऊन कोष तयार होतो. आयसेनियाचा कोष तीन-चार मिलिमीटरचा, आधी पिवळसर आणि नंतर तांबूस असतो. साधारण तीन आठवड्यांनी त्यातून बहुधा दोन-तीन पिल्लं निघतात आणि ती सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात. खत चाळताना हे कोष फेकले जाऊ नयेत, एवढं सांभाळा.

पाऊस पडला की ती बाहेर का येतात? बुडून मरतात म्हणून?

बुडण्याची गोष्ट तितकीशी खरी नाही. पाण्यात प्राणवायू असेल तर बरीच गांडुळं त्यात काही दिवस जगू शकतात. मात्र पाण्याने गच्च भरलेल्या मातीत प्राणवायू फार हळू पोचतो, त्यामुळे काही जातींना वर यावं लागतं. शिवाय ओल्या जमिनीवरून न सुकता लांब जाता येतं, ही नवी जागा आणि जोडीदार शोधायची संधी असते. मरतात ती नंतर, ऊन पडल्यावर: अंग सुकतं आणि उन्हातले अतिनील किरण त्यांना सोसत नाहीत. फरशीवर किंवा डांबरावर आलेली दिसली तर उचलून झाडाच्या सावलीतल्या मातीत सोडा.

उन्हाळ्यात शेतात एकही दिसत नाही. मेली का?

काही मरतात, बरीचशी खाली गेलेली असतात. आपल्या काळ्या जमिनीला मार्चनंतर भेगा पडतात आणि वरचा थर भाजून निघतो. मातीतली गांडुळं ओल असलेल्या खोलीपर्यंत उतरतात, छोटीशी पोकळी करून तिला आतून स्रावाने लिंपतात, गाठ मारल्यासारखी वेटोळं घालून पडून राहतात. खाणं बंद, हालचाल बंद. मृगाचा पाऊस खालपर्यंत भिजवून गेला की ती परत कामाला लागतात. म्हणून एप्रिलमध्ये खणून ‘आमच्या रानात गांडूळच नाही’ असा निकाल देऊ नका. त्याच वेळी हेही खरं की उन्हाळाभर उघडं पडलेलं रान आणि आच्छादन असलेलं रान यांत पावसाळ्यात दिसणाऱ्या संख्येचा फरक मोठा असतो.

मग कल्चर, म्हणजे खतासाठी विकली जाणारी गांडुळं, विकत आणून थेट शेतात सोडलं तर?

सोडू नका. बाजारात मिळणारं कल्चर पहिल्या गटातलं, शेण आणि पाल्यावर जगणारं. नांगरलेल्या उघड्या शेतात त्याला ना अन्न ना सावली. जाड आच्छादन असलेल्या बागेत काही टिकतील, पण बहुतेक मरतात, नाहीतर पक्षी टिपतात.

बेडमधल्या गांडुळांकडून खत बनवून घ्या आणि ते खत शेतात द्या. शेतातली गांडुळं वेगळी, ती बांधाखाली, झाडाखाली, नाल्याच्या कडेला आधीच असतात. त्यांना खायला आणि आसरा दिला की ती स्वतः पसरतात. यात वेळ जातो, काही हंगाम. विकत घेण्यासारखा शॉर्टकट यात मला तरी दिसलेला नाही.

‘विदेशी’ गांडुळं जमिनीला घातक असतात, जड धातू पसरवतात, असं ऐकलं. खरं काय?

खताच्या बेडमधलं विदेशी आयसेनिया फेटिडा हे गांडूळच नाही, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. ते पूर्णपणे गांडूळ आहे, फक्त दुसऱ्या घरचं. धातूंचं म्हणाल तर कुठलंही गांडूळ, देशी असो वा परदेशी, खाण्यातून आलेला कॅडमियमसारखा धातू अंगात साठवतं. तो धातू ते निर्माण करत नाही. शहराचा न निवडलेला कचरा किंवा कारखान्याचा गाळ बेडमध्ये घातला तर धातू खतात येणारच. शेण, पाचट, पालापाचोळा वापरला तर ही चिंता नाही.

परदेशी जातींबद्दल काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेलं पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस सह्याद्रीच्या मळ्यांमध्ये आणि बागांमध्ये आधीच पसरलं आहे. कल्चर उरलं म्हणून ते देवराईत किंवा रानात नेऊन टाकू नका. तिथली गांडुळं तिथलीच राहू द्या.

बेडमधली गांडुळं का मरतात किंवा पळून जातात?

बहुतेक वेळा ताज्या शेणामुळे. ताजं शेण तापतं आणि त्यातून अमोनिया निघतो. दहा-पंधरा दिवस पाणी मारून ते थंड करा, हात घालून ऊब लागत नाही याची खात्री करा आणि मगच गांडुळं सोडा. दुसरं कारण पाणी: मूठभर खत दाबल्यावर ओल जाणवावी, धार लागू नये. वर सावली आणि ओलं गोणपाट हवं. मुंग्या, उंदीर, बेडूक आणि मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या यांच्यापासून राखण हवी. स्वयंपाकघरातलं खारट, तेलकट, लोणच्याचं काही घालू नका, आणि लिंबा-संत्र्याच्या साली एकदम ढीगभर टाकू नका.

खत काळपट, चहापत्तीसारखं रवाळ झालं आणि वास मातीचा येऊ लागला की पाणी बंद करा. दोन-चार दिवसांत गांडुळं ओलीकडे, खाली जातात. वरचं खत हाताने काढा. फावडं लावू नका.

कुंडीत किंवा बाथरूममध्ये गांडूळ आलं तर?

कुंडीतलं गांडूळ जिवंत मूळ खात नाही, राहू द्या. फक्त लहान कुंडीत खाणं लवकर संपतं, तेव्हा वर पाल्याचा थर ठेवा. बाथरूममध्ये पावसाळ्यात ती फरशीच्या फटींतून किंवा जाळीतून येतात. कागदावर उचलून बाहेर मातीत सोडा आणि फट बुजवा. मीठ टाकू नका. मिठाने अंगातलं पाणी ओढलं जाऊन ते तडफडून मरतं, आणि फट तशीच राहिल्याने दुसरं येतंच. जाळीपाशी दिसणाऱ्या सेंटिमीटरभर, काळसर अळ्या मात्र गांडुळं नसतात. त्या बहुधा गटारमाशीच्या असतात, त्यांच्यासाठी पाइप घासून स्वच्छ करा.

लांबट, चकचकीत, गांडुळासारखं काहीतरी सापडलं. साप आहे का?

असू शकतो, पण घाबरू नका. वाळा हा बारीक, काळपट, बिनविषारी साप कुंड्यांखाली सापडतो. त्याच्या अंगावर गुळगुळीत खवले असतात, वलयं नसतात, आणि जीभ बाहेर काढतो. तो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. कोकणात आणि घाटात पावसाळ्यात दिसणारं देवगांडूळ तर बेडकाच्या वर्गातलं, बिनपायाचं उभयचर आहे, आणि गांडूळ हे त्याचं खाद्य. खापरखवल्या हा सह्याद्रीतला सापही प्रामुख्याने गांडुळांवरच जगतो. नवरंग पक्षी पावसाळ्यात आपल्या जंगलांत घरटं करतो, तेव्हा पिल्लांच्या चोचीत गांडुळंच भरवतो. नांगरामागे चालणारे बगळे आणि साळुंक्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मारण्याआधी एकदा नीट बघा, एवढीच विनंती.

शेतातली गांडुळं कशाने कमी होतात?

उपासमारीने सर्वांत जास्त. उसाचं पाचट, गव्हाचं काड जाळलं की वर्षभराचं अन्न आणि छप्पर एकाच दुपारी जातं. त्यानंतर वारंवार रोटाव्हेटर. मग औषधं: कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीटकनाशकं गांडुळांना फार विषारी आहेत, आणि द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणातलं तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. औषधांच्या चाचण्यांसाठी 1984 पासून जगभर प्रामुख्याने आयसेनिया फेटिडा वापरतात. ती शेतातल्या कित्येक जातींपेक्षा जास्त सोशीक आहे, त्यामुळे ‘गांडुळांना सुरक्षित’ हा शिक्का शेतातल्या गांडुळांना लागू पडेलच असं नाही.

उपाय त्याच क्रमाने. पाचट सरीत ठेवा. मशागत कमी करा. रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत गादीवाफे न मोडता, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवून भात घेतात. अशा वाफ्यांवर गांडुळांची विष्ठा दिसू लागते ती याच कारणाने. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) देत असाल तर जरूर द्या, पण गांडुळाचं पोट भरेल इतका सेंद्रिय पदार्थ त्यात नसतो. तो आच्छादनातून येतो.

गांडुळं कधी नुकसानही करतात का?

करतात, चुकीच्या जागी. उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात हिमयुगातल्या बर्फाने गांडुळं उरलीच नव्हती. तिथली जंगलं पाल्याच्या जाड थरावर उभी राहिली. युरोपातून कुंड्यांच्या मातीतून आणि गळाच्या आमिषातून गेलेल्या गांडुळांनी तो थर खाऊन टाकला आणि त्यावर उगवणारी रोपं आणि त्यात राहणारे जीव अडचणीत आले. आता आशियातली अमिंथस वंशातली गांडुळं तिथे तेच करत आहेत.

हवामानाच्या बाजूनेही हिशोब सरळ नाही. 2013 मधल्या एका आढाव्यात गांडुळांमुळे मातीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड सरासरी 42 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 33 टक्के वाढल्याचं दिसलं, मातीतला कार्बन मात्र वाढल्याचं दिसलं नाही. हे प्रयोग बहुतेक प्रयोगशाळेतले आणि कमी मुदतीचे होते. तरी ‘गांडुळं सोडा, कार्बन साठवा’ असा प्रचार करण्याआधी हा आकडा माहीत असावा.

माझ्या शेतात किती आहेत, हे मोजायचं कसं?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस होऊन दोन-तीन दिवस उघडीप मिळाल्यावर, सकाळी लवकर. 30 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घ्या. माती गोणपाटावर टाकून हाताने फोडत गांडुळं वेचा आणि ओल्या मातीच्या डब्यात ठेवा. आलेल्या संख्येला 11 ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. एका खड्ड्यावर विसंबू नका, शेतात पाच-सहा ठिकाणी घ्या आणि एक बांधाजवळच्या न नांगरलेल्या जागेत. बांधावरचा आणि शेतातला आकडा शेजारी ठेवला की तुमच्याच जमिनीत किती गांडुळं राहू शकली असती ते कळतं. दुसऱ्याच्या तालुक्यातल्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

खोल बिळातली गांडुळं खड्ड्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी खड्ड्याच्या तळाशी मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओता. त्याच्या झोंबण्याने ती काही मिनिटांत वर येतात. ती लगेच साध्या पाण्यात धुवा, मोजा आणि सगळी गांडुळं माती भरताना परत सोडा. पट्टा असलेली आणि नसलेली वेगळी लिहा: लहान जास्त असतील तर वाढ चालू आहे. पुढच्या वर्षी त्याच सुमारास, त्याच जागांजवळ पुन्हा मोजा.